घरी घडवलेल्या इंजिनाला पुन्हा चालते करणारे चिकलठाण्याचे वर्कशॉप

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत, मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि जुने पण निगुतीने राखलेले होनिंग मशीन (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करणारे) एवढ्या सामग्रीवर चालणारे एक वर्कशॉप आहे. पंपसेटच्या आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांचे बोअरिंग करणे, बुश बसवणे, झिजलेले शाफ्ट भरून पुन्हा टर्न करणे, हे त्यांचे रोजचे काम. मी त्यांच्याकडे नेलेले काम त्याहून वेगळे होते. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतःच्या हाताने घडवलेले दहा सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन कपाटात वर्षानुवर्षे पडून पूर्ण जाम झाले होते. एकेकाळी याच इंजिनाने आमच्या गावच्या पाझर तलावावर मॉडेल हायड्रोप्लेन बोट पळवलेली आहे. वर्कशॉपच्या मालकांनी नाव आणि फोन नंबर छापू नये अशी विनंती केली आहे, कारण तीन माणसांत होईल त्यापेक्षा जास्त काम त्यांच्याकडे आधीच आहे. वसाहतीतल्या कोणत्याही जुन्या टर्नरला विचारले तर तो पत्ता सांगेल. ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातचे असे एखादे यंत्र पडून आहे, त्यांना या सेवेचा नेमका अंदाज यावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी हे इंजिन कशासाठी होते ते सांगितले पाहिजे, नाहीतर वर्कशॉपने काय केले आणि काय करायचे टाळले याचे मोल कळणार नाही. हायड्रोप्लेन ही पाणी कापत जाणारी बोट नव्हे. वेग आला की तिचा तळ पाण्यावर उचलला जातो आणि ती पृष्ठभागावरून घसरत जाते. पुढे डावीकडे व उजवीकडे दोन उतरते तळ असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात. पूर्ण वेगात बोट या दोन जागी आणि मागच्या पंख्यावर, अशी तीनच ठिकाणी पाण्याला टेकते, आणि पंख्याची पातीही निम्मी पाण्याबाहेर असतात. मोठ्या बोटींमध्ये ही पद्धत अमेरिकेतल्या ‘स्लो-मो-शन ४’ या बोटीने गाजवली. २६ जून १९५० रोजी सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर तिने ताशी १६० मैलांचा, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरचा वेग गाठून जागतिक विक्रम केला होता.

मॉडेलच्या शर्यतीत बोटीत माणूस नसतो आणि हातात रिमोटही नसतो. तळ्याच्या मध्यावर खांब रोवायचा, त्याच्या डोक्यावर मोकळी फिरणारी कडी बसवायची, पोलादी तारेने बोट त्या कडीला बांधायची आणि सोडून द्यायची. मग इंधन संपेपर्यंत ती खांबाभोवती फिरत राहते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एका फेरीचा घेर १०० मीटर असतो, म्हणजे तारेसह त्रिज्या १५.९२ मीटर, आणि पाच फेऱ्यांचे ५०० मीटर अंतर वेळ लावून मोजतात. दहा सीसीच्या वर्गातल्या आजच्या उत्तम बोटी ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातात. बोटीचे वजन तीन किलो धरले तरी त्या वेगाला तारेवर नव्वद किलोपेक्षा जास्त ताण येतो. हा खेळ ब्रिटनमध्ये रुजला तो हौशी माणसांमुळे. तिथली मॉडेल पॉवर बोट असोसिएशन १९२४ सालची आहे, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या तळ्यावर बोटी सोडणारा क्लब त्याच्याही आधीचा, १९०४ सालचा. सुरुवातीच्या काळात अशी छोटी इंजिने विकत मिळत नसत, म्हणून ती घरच्या लेथवर करावी लागत. एडगर वेस्टबरी यांच्यासारख्या अभियंत्यांनी हौशी लोकांसाठी छोट्या पेट्रोल इंजिनांचे आराखडे तयार केले आणि त्यांवरून अनेकांनी आपापली इंजिने घडवली.

अण्णा टूल रूममध्ये टर्नर होते. एका साहेबांनी सेवानिवृत्त होताना जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा त्यांना दिला आणि त्यातून हा खेळ आमच्या घरात आला. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर केन वॉर्बी यांच्याविषयीचे कात्रण चिकटवलेले आहे. या ऑस्ट्रेलियन माणसाने सिडनीतल्या आपल्या घराच्या परसात लाकडी बोट बांधली, हवाई दलाने मोडीत काढलेले जेट इंजिन तिला बसवले आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ताशी ५११ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. तो आजही मोडलेला नाही. त्या कात्रणाखाली अण्णांनी पेन्सिलीने ‘परसात’ आणि ‘धरणावर’ या दोन शब्दांखाली रेघ ओढून ठेवली आहे. परस आमच्याकडेही होते, आणि जायकवाडीचे धरण तर नुकतेच, १९७६ मध्ये, पूर्ण झाले होते. त्यांनी मनाशी काय जुळवले असेल हे मला त्या रेघांवरून समजते.

प्रत्यक्षात बोट पळाली ती जायकवाडीवर नव्हे, तर आमच्या अंबड तालुक्यातल्या गावाजवळच्या पाझर तलावावर. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात जी कामे निघाली त्यांतलाच तो तलाव, आणि त्याच्या बांधावर माझ्या आजीने स्वतः माती टाकलेली होती. चांगल्या पावसाच्या वर्षी दिवाळीच्या सुटीत तलाव भरलेला असला की सगळे कुटुंब तिकडे जायचे. खांब म्हणून लोखंडी पाइप, त्याच्या डोक्यावर सायकलच्या हबचे बेअरिंग, आणि तार जागेच्या मानाने आखूड, आठ मीटरला थोडी कमी, म्हणजे एका फेरीचे ५० मीटर. काका कमरेएवढ्या पाण्यात बोट धरून उभे राहायचे. अण्णा फ्लायव्हीलच्या खाचेत दोरी गुंडाळून जोरात ओढायचे. इंजिन लागले की काका बोट पुढे ढकलून लगेच खाली वाकायचे, कारण दुसऱ्या फेरीला तार डोक्याच्या उंचीवरून येत असे. आत्याच्या हातात शाळेतून आणलेले स्टॉपवॉच असायचे. वहीतला सर्वांत चांगला आकडा दहा फेऱ्यांना २५ सेकंदांचा आहे, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. अडीच किलोची ती बोट त्या वेगाला तारेला जवळजवळ तेरा किलोचा ओढा देत होती. बांधावरची माणसे नुसता आवाज ऐकून फेऱ्या मोजायची.

इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, २४ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल, २२ मिलिमीटर आहे. क्रँककेससाठी, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचासाठी, अण्णांनी मोडीतले ट्रकचे अॅल्युमिनियम पिस्टन कोळशाच्या भट्टीत वितळवले, आणि ओतकामाचा लाकडी पॅटर्न आमच्या गावच्या सुतारकाकांनी केला. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, पोलादी, पिस्टन बिडाचा आणि त्याला रिंगच नाही. पिस्टन आणि लायनर एकमेकांत घासून, म्हणजे लॅपिंग करून, बसवलेले. ठिणगीऐवजी ग्लो प्लग. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी १९४७ मध्ये बाजारात आणलेल्या या प्लगमध्ये प्लॅटिनमची तार असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ती लाल करायची, नंतर मिथेनॉलच्या वाफेमुळे ती आपोआप तापलेली राहते, त्यामुळे बोटीवर बॅटरी आणि कॉइलचे ओझे लागत नाही. इंधन चार भाग मिथेनॉल आणि एक भाग एरंडेल. पेट्रोलमध्ये एरंडेल नीट मिसळत नाही, मिथेनॉलमध्ये मिसळते, आणि कितीही तापले तरी त्याचा थर धातूवरून सहज तुटत नाही. बैलगाडीच्या आसाला ज्या तेलाचे वंगण आमच्या आजोबांनी आयुष्यभर घातले, तेच तेल शर्यतीच्या इंजिनात चालते, याचे अण्णांना फार अप्रूप होते.

हेच एरंडेल पुढे अडचणीचे ठरले. इंजिन न धुता ठेवले तर उरलेले तेल वाळून काकवीसारखे घट्ट होते आणि मग लाखेसारखे चिकटून बसते. अण्णा गेल्यानंतर इंजिन बाहेर काढले तेव्हा फ्लायव्हील तसूभरही फिरत नव्हते. पहिल्या एका वर्कशॉपमध्ये मला सांगण्यात आले की पिस्टन प्रेसखाली दाबून काढू, बोअर मारून सरळ करू आणि मोपेडचा रिंगवाला पिस्टन बसेल असे लायनर करू. खर्च कमी होता आणि मुदतही थोडी होती. दुसऱ्या ठिकाणी बोअर गेजने मापून, बोअर वर-खाली सारखा नाही, तो झिजला आहे, असे निदान झाले. दोन्ही ठिकाणची माणसे आपल्या रोजच्या कामात वाकबगार असतील, पण समोरचे यंत्र कोणी, कशासाठी केले असेल हा प्रश्न कोणी विचारला नाही.

चिकलठाण्याच्या या वर्कशॉपमध्ये मात्र तो प्रश्न सर्वांत आधी आला. मालकांना सगळे मामा म्हणतात, वय साठीच्या पुढे. त्यांनी इंजिन हातात घेऊन बराच वेळ काही केले नाही. मग विचारले, “ताई, हे कुठं चालायचं? पाण्यात का जमिनीवर? कोण चालवायचं?” मी सांगत असताना त्यांनी हेडचे स्क्रू सोडवले, खोलगट भाग कापडाने पुसला आणि वहीची मागणी केली. वही आहे हे मी त्यांना सांगितले नव्हते. “ज्यानं असे आटे पाडले, त्यानं वही ठेवलीच असणार,” एवढेच ते म्हणाले.

पिस्टन बाहेर आल्यावर बोअरचे माप घेण्याचे काम मी शेजारी उभी राहून पाहिले, आणि या वर्कशॉपवर माझा विश्वास बसला तो तिथे. त्यांनी लायनर आधी मायक्रोमीटरच्या शेजारी सरफेस प्लेटवर ठेवला, दोन्हींचे तापमान सारखे होईपर्यंत थांबले आणि मग बोअर गेज तळापासून वर नेत चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे, असे माप घेतले. तळाशी २४.०१५, मध्ये त्याहून किंचित कमी, आणि अगदी वर २४.०००. वरची बाजू दीड शतांश मिलिमीटरने निमुळती. दुसऱ्या वर्कशॉपने यालाच झीज म्हटले होते. मामांनी मुलाला, म्हणजे दुकानातल्या धाकट्या टर्नरला, जवळ बोलावून विचारले की ट्रॅक्टरचा लायनर कुठे जास्त झिजतो. वर, असे मुलगा म्हणाला. वर उष्णता जास्त, तेल कमी आणि रिंगचा दाब सर्वांत मोठा, म्हणून झिजलेला बोअर वरच्या बाजूला रुंद होतो. इथे तर तो वर अरुंद आहे. “म्हणजे ही झीज नाही. हे त्यांनी मुद्दाम केलंय. चालताना वरचा भाग जास्त तापतो, जास्त फुगतो, आणि तापल्यावर बोअर सरळ होतो.” वहीत त्या पानावर अण्णांच्या अक्षरात वर ०.०१५ कमी असे लिहिलेले होते. बोअर मारून सरळ केला असता तर इंजिन गार असताना छान फिरले असते आणि तापल्यावर त्याचा दाब वरच्या टोकालाच गळला असता.

एकूण काम मुख्यतः काही गोष्टी न करण्याचे होते. जाम इंजिन सोडवताना हातोडी किंवा प्रेस वापरली नाही. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या कूलंटमध्ये सुटे न झालेले भाग मंद आचेवर, उकळू न देता, तासन्‌तास ठेवले. एरंडेलाचा तपकिरी थर त्यात सुटतो आणि अॅल्युमिनियमला धक्का लागत नाही. हे काम उघड्यावर करावे लागते आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नसते, कारण कूलंट विषारी आहे. घरी करून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पिस्टन सुटल्यावर तो नवा करावा लागेल अशी मला भीती होती, पण धुतल्यानंतर तो स्वच्छ तेलावर बोअरमध्ये घातला तर वरच्या टोकाशी पोहोचताच हाताला अडकल्यासारखा लागला. तो अडकणे हीच त्याच्या तंदुरुस्तीची खूण आहे. मामांनी त्याला लॅपिंग पेस्टसुद्धा लावू दिली नाही.

बदलले ते खरोखर गेलेले भाग. क्रँकशाफ्टवरची दोन्ही बॉल बेअरिंग गंजली होती. ती ६००१ क्रमांकाची असल्यामुळे बाजारात सहज मिळाली. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा फॉस्फर ब्राँझचा बुश लंबगोल झाला होता, तो नवा टर्न करून, तेलाच्या छिद्रासह, बसवला. क्रँकपिन मायक्रोमीटरने गोल निघाली म्हणून तिला हात लावला नाही. इंधन कमी-जास्त करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हची सुई वाकली होती, तीही नवी केली. गॅस्केट कागदाची कापली. ग्लो प्लगसाठी अण्णांनी हेडमध्ये पाव इंची, इंचाला ३२ आट्यांचे छिद्र पाडले होते, आणि तोच आकार आजही सर्वत्र चालतो, म्हणून नवा प्लग हॉबीच्या दुकानातून मागवला की थेट बसतो. एवढ्या बारीक आट्याचा टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, त्या काळी इथे मिळत नव्हता, तो अण्णांनी टूल स्टीलवर स्वतः करून कडक केला होता. टॅप अजून पेटीत आहे. मामांनी तो भिंगाखाली पाहिला, पुसला आणि मला परत देताना दोन्ही हातांनी दिला.

चाचणीची व्यवस्था नीट होती. बोटीचे इंजिन पाण्याच्या भाराशिवाय मोकळे चालवले तर ते बेसुमार फिरून फुटू शकते, म्हणून हवेच्या मानाने इंधन जास्त ठेवून, मंद गतीत, थोडाच वेळ चालवले. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही, यासाठी पाण्याची बादली आणि ओले गोणपाट शेजारी होते. मिथेनॉल परवानाधारक विक्रेत्याकडूनच घेतले होते. ते अत्यंत विषारी आहे आणि त्याची वाफही श्वासात जाऊ नये. दोरीच्या तिसऱ्या ओढीला इंजिन लागले. जळक्या एरंडेलाचा वास आवारभर पसरला, शेजारच्या शेडमधली माणसे बाहेर आली आणि माझ्या काकांना त्या आवाजात बोलता येईना.

आता उणिवा. काम ठरल्या मुदतीपेक्षा बरेच लांबले, आणि लांबणार असल्याचे आपणहून कळवण्याची पद्धत त्यांच्याकडे नाही. दर वेळी फोन आपणच करावा लागतो. पेरणीच्या आधी पंपसेटची आणि ट्रॅक्टरची कामे येतात तेव्हा असे हौसेचे काम बाजूला ठेवले जाते. शेतकऱ्याचे इंजिन आधी, हे मला मान्य आहे, पण ते सुरुवातीलाच सांगायला हवे. बिल एका ओळीचे होते. मजुरी सहा हजार रुपये आणि साहित्य वेगळे, यात मला महाग काही वाटले नाही, तरी कोणत्या भागाला किती लागले हे लिहून मिळाले असते तर वहीत जोडता आले असते. याच्या उलट बाजूची एक चांगली पद्धतही सांगते: काढलेला प्रत्येक जुना भाग त्यांनी वेगवेगळ्या कागदात गुंडाळून, वर नाव लिहून परत दिला. बोटीचे लाकूडकाम ते करत नाहीत. आमच्या बोटीचा तळ दुसऱ्याकडून करून घ्यावा लागला.

इंजिन चालते झाल्यावर बोट कुठे सोडायची हा प्रश्न मराठवाड्यात तरी सोपा नाही. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथे हा गोंगाट नेण्याचा विचारही करू नये. शेततळ्याची बाजू ३० मीटर असली तरी पुरी १५.९२ मीटरची त्रिज्या त्यात मावत नाही. आठ मीटरची तार मावते, पण प्लॅस्टिकचा कागद असेल तर मध्ये खांब रोवता येत नाही, वजनदार बैठकीवर उभा करावा लागतो. आमच्या गावचा पाझर तलाव अजून आहे, गाळ काढल्यापासून पाणीही धरतो. जुनी तार मात्र कितीही चांगली दिसली तरी वापरू नये, आणि बोट फिरत असताना मुलांना तारेच्या पातळीपेक्षा बरेच लांब, बांधाच्या पलीकडच्या अंगाला बसवावे.

ज्यांना मोडलेले इंजिन स्वस्तात आणि लवकर फिरते करून हवे आहे, त्यांनी दुसरीकडे जावे. ज्यांना घडवणाऱ्याचे काम जसेच्या तसे राखून हवे आहे, त्यांनी इथेच यावे. येताना जुळलेले-न जुळलेले सगळे भाग, जुनी हत्यारे, मापांचे कागद, फोटो, जे असेल ते आणावे, आणि घरातले त्या यंत्राची आठवण असलेले माणूस सोबत आणावे, कारण मामा त्यांना प्रश्न विचारतात आणि उत्तरांचा उपयोग करतात. काकांनी सांगितले की इंजिन पाच-सहा फेऱ्यांनंतर नेहमी किंचित मंदावायचे. त्यावरून मामांनी टाकीतल्या नळीची जागा तपासली, तेव्हा गोल फिरताना इंधन बाहेरच्या कडेला फेकले जाते आणि नळीचे तोंड आतल्या कडेला होते, हे निघाले. ते त्यांनी बाहेरच्या कडेला करून दिले.

अण्णांच्या पेटीत पाच सीसीच्या इंजिनाची अर्धवट राहिलेली ओतीव क्रँककेस आणि वहीत त्याची काही पाने आहेत. ते पूर्ण करून द्याल का, असे मी विचारले, तेव्हा मामांनी आगाऊ रक्कम घेतली नाही आणि अंदाजही दिला नाही. वहीच्या पानांच्या झेरॉक्स मात्र ठेवून घेतल्या आहेत. क्रँकपिनचे माप दोन ठिकाणी वेगळे लिहिलेले आहे, त्यातले कोणते शेवटचे हे पानांवरून कळले तरच काम घेऊ, नाहीतर नाही, असे त्यांनी सांगितले आहे.